आराखड्यावर ती रेघ कोण मारतं?

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नगरपरिषदेच्या सभागृहात भिंतभर रंगीत नकाशे लागतात. लोक चष्मा वर-खाली करत, मोबाइलवर फोटो मोठा करत आपला गट नंबर शोधतात. सापडला की पहिला प्रश्न ठरलेला: “माझ्या वावरात शाळा कोणी टाकली?” टेबलापलीकडे बहुधा पंचविशीतली एखादी मुलगी किंवा मुलगा उभा असतो. नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालेलं. गावाचा सगळा राग त्या टेबलावर येऊन पडतो.

सुरुवातीची काही वर्षं मी अशाच एका टेबलामागे काढली आहेत. लोकांचा राग खोटा नसतो, वीस-वीस गुंठ्यांवर त्यांची उभी आयुष्यं असतात. पण ज्याच्यावर तो निघतो त्याच्या हातात नक्की काय असतं आणि काय नसतं, हे लोकांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

## आराखडा म्हणजे काय

पुढच्या वीस वर्षांत शहराची कोणती जमीन कशासाठी वापरायची, याचा कायदेशीर नकाशा म्हणजे विकास आराखडा. कायद्याच्या भाषेत ‘विकास योजना’, बोलताना सगळे ‘डीपी’ म्हणतात. महाराष्ट्रात तो १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली तयार होतो. पिवळा रंग म्हणजे रहिवास, निळा म्हणजे व्यापार, जांभळा उद्योग, हिरवा शेती किंवा मोकळी जागा. “जमीन यलोमध्ये आली” हे वाक्य कुठल्याही तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं, कारण हिरव्याची पिवळी झाली की भाव कित्येक पटींनी चढतो.

दुसरा शब्द आरक्षण. खासगी जमिनीवर शाळा, बाग, दवाखाना, रस्ता अशी सार्वजनिक गरज आधीच लिहून ठेवायची म्हणजे आरक्षण. मालकी मालकाचीच राहते, पण तिथे घर बांधता येत नाही.

तिसरा एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल याचा आकडा. १,००० चौरस मीटरचा भूखंड आणि एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर. पिठाचा गोळा ठरलेला आहे. भाकरी लहान आणि जाड थापा, नाहीतर मोठी आणि पातळ. गोळा तेवढाच.

एवढे तीन शब्द पुरेत.

## टेबलामागची ही मंडळी कोण

राज्याच्या नगररचना विभागात तरुणांची भरती मुख्यतः दोन पायऱ्यांवर होते. रचना सहायक ही पहिली. तिला स्थापत्य किंवा वास्तुशास्त्रासारख्या विषयातली पदविका चालते. २०२४ च्या जाहिरातीत या पदाच्या २६१ जागा होत्या. वरची पायरी सहायक नगररचनाकाराची, ती लोकसेवा आयोगामार्फत भरतात. यातलेच बरेच जण पुढे महापालिका आणि नगरपरिषदांमध्ये प्रतिनियुक्तीवर जातात.

हा विभाग १९१४ पासूनचा, मुख्यालय पुण्यात. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी परंपरा आपल्याकडे आहे. माणसं मात्र नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशभरातल्या राज्यांच्या नगररचना विभागांत १२,००० हून जास्त नगररचनाकार हवेत. मंजूर पदं ४,००० पेक्षाही कमी आणि त्यातली ४२ टक्के रिकामी. हिशेब केला तर प्रत्यक्ष खुर्चीवर २,३०० च्या आसपास लोक उरतात. जनगणनेतली शहरं ७,९३३. तीन-चार शहरांमागे एक माणूस. त्याच अहवालात आहे की यातल्या ६५ टक्के शहरांना आराखडाच नाही.

हे आकडे कागदावरचे. गावात ते असे दिसतात: सोमवार ते बुधवार एका नगरपरिषदेत, गुरुवार-शुक्रवार शेजारच्या तालुक्यात ‘अतिरिक्त कार्यभार’. ज्या गावाचा आराखडा करायचा तिथला शनिवार-रविवार त्या अधिकाऱ्याने कधी पाहिलेलाच नसतो. आणि त्याने फार मोठा फरक पडतो.

## शनिवारचा बाजार

आराखड्याचं पहिलं काम म्हणजे आज जमिनीवर काय आहे ते नोंदवणं, म्हणजे विद्यमान जमीन-वापर सर्वेक्षण. कुठे घर, कुठे गोदाम, कुठे विहीर, कुठे स्मशान. पुढचं सगळं यावर उभं राहतं. लग्नाची खरेदी करायच्या आधी घरात किती भांडी आहेत ते मोजावं, तसं.

आता उपग्रहाची चित्रं मिळतात, ड्रोन आहेत. त्यांवरून मूळ नकाशा तयार होतो आणि तो हातात घेऊन नवा नगररचनाकार गावभर फिरतो. निदान फिरायला हवा.

मी नवा असताना एका गावच्या नकाशावर वेशीबाहेर दीड एकराचा एक तुकडा होता. चित्रात तो कोरा, म्हणून ‘मोकळी जमीन’ अशी नोंद. मी मंगळवारी गेलो. खरोखर मोकळी जमीन, दोन कुत्री झोपलेली. मी टिक केली. परत येताना कोपऱ्यावरच्या चहावाल्या काकांना सहज विचारलं तर ते म्हणाले, “साहेब, शनिवारी या. पाय ठेवायला जागा नसते.” शनिवारी गेलो तर आठवडी बाजार भरलेला. भाजीवाल्या बायका, बैलांचे सौदे, कटलरीच्या पथाऱ्या, आसपासच्या वाड्यांवरून आलेले टेम्पो. सहा दिवस झोपलेला तो तुकडा सातव्या दिवशी पंचक्रोशीचं पोट भरत होता. उपग्रह शनिवारी त्या गावावरून गेला नव्हता, इतकंच.

ती नोंद तशीच राहिली असती तर पुढच्या टप्प्यावर कुणीतरी प्रामाणिकपणे त्या ‘रिकाम्या’ जागेवर सरकारी कार्यालय टाकलं असतं. बाजार आपोआप रस्त्यावर गेला असता आणि वीस वर्षं आपण ‘अतिक्रमण’ म्हणून त्याच बायकांच्या पाट्या उचलत राहिलो असतो.

ओढ्याचंही असंच. मे महिन्यात सर्वेक्षण केलं तर कोरडा ओढा शेतासारखाच दिसतो. तो जुन्या गाव नकाशावर असतो आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतो. पूररेषा दोन असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या पाटबंधारे खातं आखतं, पण मोठ्या नद्यांच्या. गावातल्या ओढ्याची रेषा कुणी आखून देत नाही. तो विचारावा लागतो.

मुंबईचा २०१४ ते २०३४ साठीचा प्रारूप आराखडा आठवून बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेऊन नव्याने करायला सांगितलं. वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळांच्या चुकीच्या नोंदी, उभ्या इमारतींवरून जाणारे रस्ते, अशा चुकांवर शहर पेटून उठलं होतं. सुधारित आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. त्या चुकांपैकी कितीतरी चुका माणूस त्या गल्लीत चालत गेला असता तर झाल्याच नसत्या.

## पंगतीचा हिशेब

सर्वेक्षणानंतर गणित. वीस वर्षांनी लोकसंख्या किती होईल याचा अंदाज, मग इतक्या माणसांमागे इतकी शाळा, इतकी बाग, इतकं मैदान, अशी मानकं. आचारी जसा पाहुण्यांच्या आकड्यावरून तांदूळ काढतो तसंच. फरक एवढाच की इथे शिधा दुसऱ्याच्या कोठारातून काढायचा असतो, म्हणजे लोकांच्या जमिनीतून.

इथेच तरुण नगररचनाकाराची पहिली खरी ओढाताण सुरू होते. मैदान हवंच आहे, मुलं रस्त्यावर खेळतात. पण जमीन विकत घ्यायला नगरपरिषदेकडे पैसे नाहीत, हे त्याला आरक्षण टाकतानाच माहीत असतं. मंजूर आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे मालकाने दहा-बारा वर्षं हात बांधून काढायची आणि शेवटी मुलांना मैदानही नाही. दोघांचंही नुकसान करणारी ही गोष्ट राज्यभर घडते आहे आणि मला ती अजूनही सलते.

पैशाऐवजी टीडीआर देतात, म्हणजे सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात बांधकामाचा हक्क. तो दुसरीकडे वापरता येतो, विकताही येतो. पुण्या-मुंबईत त्याला गिऱ्हाईक आहे. जिथे मूळचाच एफएसआय कुणी पुरा वापरत नाही अशा लहान गावात तो कागद घेणार कोण?

एक चांगली वाट आहे, नगररचना योजनेची. एका भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या आणि उरलेली जमीन सगळ्यांना नीट आकाराचे भूखंड करून परत द्यायची. चार भावांनी वाटणीच्या वेळी प्रत्येकी थोडी जागा सोडून मधून सामाईक वाट काढावी तसं. एकट्याच्याच वाट्याला आरक्षण येत नाही, प्रत्येकाचं थोडं जातं आणि राहिलेल्याची किंमत वाढते. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले यांचे कितीतरी भाग असेच घडले. पुण्याजवळ माण-म्हाळुंगेला अलीकडे ही पद्धत पुन्हा हाती घेतली गेली. पण त्यासाठी प्रत्येक मालकाच्या ओसरीवर जाऊन बसावं लागतं, पुन्हा पुन्हा. वेळ लागतो.

## मग दिवस जातो कुठे?

परवानग्यांत. नगररचना विभागात रुजू झालेल्या नव्या माणसाला वाटतं आपण शहर आखणार. पहिल्याच आठवड्यात कळतं की आपण फाइली तपासणार.

बांधकाम परवानगीच्या एका फाइलीत सातबारा, मोजणी नकाशा, भूखंडाचं रेखांकन, चारी बाजूंची सामासिक अंतरं (म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), एफएसआयचं गणित, वाहनतळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, सगळं पडताळायचं. कायद्याने ६० दिवसांत निर्णय द्यायचा, नाहीतर नियमांत बसणारी परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. शिवाय जमीन कोणत्या रंगात येते ते सांगणारे झोन दाखले, भाग नकाशे, माहिती अधिकाराचे अर्ज, न्यायालयातली शपथपत्रं, अधिवेशनातल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं, अनधिकृत बांधकामाच्या तक्रारी, निवडणुकीची ड्युटी.

तारीख आहे ते काम आधी होतं. परवानगीला तारीख आहे, शपथपत्राला तारीख आहे. गावात चालत फिरायला कुणी तारीख दिलेली नाही, म्हणून ते राहतं.

आणि भीती. आज तपासलेली फाइल आठ-दहा वर्षांनी चौकशीत निघू शकते. तेव्हाचे वरिष्ठ निवृत्त झालेले असतात, खाली सही करणारा सापडतो. म्हणून नवा माणूस सगळ्यात आधी शिकतो ते वाक्य म्हणजे “उचित आदेशार्थ सादर”. स्वतःचं मत न लिहिण्याची सवय तिथून लागते. ज्याला पाच वर्षं शिकवून तयार केलं त्याचं मतच शहराला मिळत नाही. मला विचाराल तर अपुऱ्या पगारापेक्षा किंवा रिकाम्या पदांपेक्षाही हे नुकसान मोठं आहे.

## “मोठ्यांच्या जमिनी सुटतात, आरक्षण आमच्यावरच”

हा आरोप प्रत्येक सुनावणीत ऐकू येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आराखडा किती हातांतून जातो ते बघा. नगररचना अधिकारी प्रारूप तयार करतो. स्थानिक संस्था तो प्रसिद्ध करते. हरकतींवर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थानिक संस्थेचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मग स्थानिक संस्था बदल करू शकते, आणि शेवटी राज्य सरकार तो जसाच्या तसा, फेरफार करून किंवा अंशतः मंजूर करतं, नाहीतर नाकारतं. मंजुरीनंतरही कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल होऊ शकतात.

म्हणजे रेघ सरकायच्या इतक्या जागा आहेत, आणि टेबलामागच्या मुलीच्या हातात त्यातली फक्त पहिली. ती चुकू शकते, दबावाखाली येऊ शकते, नाकारण्यात अर्थ नाही. पण रेघ नंतर सरकली असेल तर ते शोधता येतं. प्रारूप नकाशा, समितीचा अहवाल आणि मंजूर नकाशा शेजारी-शेजारी ठेवायचे. प्रत्येक टप्प्याचे नकाशे कायमचे, फुकट आणि एकमेकांवर ठेवून पाहता येतील असे ऑनलाइन राहिले तर प्रामाणिक अधिकाऱ्याचंही रक्षण होईल.

नकाशाच्या प्रमाणाचाही गोंधळ असतो. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. “रस्ता माझ्या ओट्यावरून जातोय” की शेजारून, हे भिंतीवरच्या नकाशात बघून ठरत नाही. जागेवर आखणी करूनच ठरतं. ती मागून घ्या.

## “सॉफ्टवेअर आलं, आता माणूस कशाला?”

परवानग्यांपुरतं यात तथ्य आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मुंबई आणि मोजके भाग वगळता राज्यभर एकच नियम आणले, लहान भूखंडांवरच्या घरांसाठी सोपी पद्धत आणली. नकाशातली अंतरं आणि एफएसआय संगणक माणसापेक्षा बिनचूक मोजतो. मोजू द्यावीत. पण संगणकाला शनिवारचा बाजार दिसत नाही. वाचलेला वेळ गावात फिरायला मिळाला तर सॉफ्टवेअरचं सोनं झालं. सध्या त्या वेळात दुसऱ्या तालुक्याचा कार्यभार येतो.

“मग आराखडा बाहेरच्या सल्लागाराला द्या” असंही म्हणतात. सल्लागार नकाशे छान काढतात, तांत्रिक माणसं त्यांच्याकडे असतात. पण आराखडा सोपवून ते जातात आणि अंमलबजावणीची वीस वर्षं पुढे उभी असतात. अमुक रस्ता असा का वळवला, हे सांगणारा कुणीतरी गावात राहायला हवा.

स्थापत्य अभियंता हे करू शकतो का? शिकला तर नक्की करू शकतो, कित्येकांनी उत्तम केलं आहे. फक्त पूल किती वजन पेलेल आणि पूल मुळात हवा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. आपल्याकडे ते पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत, अशा अभियांत्रिकी संस्थांत मिळतं. नोकरीतल्या तरुणांना पगारी रजेवर तिथे पाठवायला हवं.

गोव्याचा अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. तिथला २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्ये रद्द करावा लागला. त्यानंतरच्या, २०२१ सालापर्यंतच्या आराखड्यासाठी नकाशे गावागावांत गेले, लोकांची मतं मागवली गेली. पुढे त्यावरही वाद झाले, पण आपल्या गावचा नकाशा वाचता येणारी माणसं त्यातून खेडोपाडी तयार झाली.

## तुमच्या शहराचा आराखडा आला तर

हरकतीची मुदत लहान शहरांत साधारण ३० दिवसांची असते, मुंबईसारख्या महानगरात ६०. नोटिशीतली शेवटची तारीख आधी लिहून घ्या आणि पहिल्या आठवड्यातच जा. शेवटच्या दोन दिवसांत त्या टेबलाशी कुणाला नीट बोलायलाही मिळत नाही.

विद्यमान जमीन-वापराचा नकाशा आधी मागा, प्रस्तावित नंतर. चूक बहुतेक वेळा पहिल्यात झालेली असते आणि तिथे दाखवली तर ती मान्य करणंही अधिकाऱ्याला सोपं जातं. “आरक्षण रद्द करा” एवढंच लिहिलेले शेकडो अर्ज मी वाचले आहेत. एकसारखे, एकाच झेरॉक्स दुकानातून आलेले. त्यांवर समिती काय लिहिणार? त्याऐवजी गट नंबर लिहा, जागेवर आज काय आहे ते लिहा, आणि तीच गरज भागेल अशी दुसरी जागा माहीत असेल तर तिचा गट नंबर द्या. गायरान, बंद पडलेली सरकारी गोदामं, पडीक जागा तुम्हाला त्या मुलीपेक्षा जास्त माहीत असतात. सुनावणीची मागणी अर्जातच करा. पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आहे का बघा.

हरकत फक्त स्वतःच्या जमिनीपुरती असते हा समज काढून टाका. ओढा नकाशावरून गायब झाला असेल, पाणवठ्याची वाट मिटली असेल, तर तीही हरकतच आहे आणि ती गावातलं कुणीही घेऊ शकतं. जुना गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून जोडा. फोटो जोडा. ओढ्याचा असेल तर जुलैमधला. बाजाराचा असेल तर शनिवारी सकाळी अकराला काढलेला.